रक्तदाबाची दिनचर्या

ग्वाल्हेरच्या कंपू भागातलं जयारोग्य रुग्णालय १८९९ सालचं. १९४६ मध्ये त्याला गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी अशा सगळ्या टापूतली माणसं आजही मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की ग्वाल्हेर गाठतात. दुखणं कोणतंही असो, देशातल्या कुठल्याही ओपीडीत पहिल्या टेबलावरचं काम ठरलेलं असतं: दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, आकडा पर्च्यावर टिपायचा. मिनिटभराचा हा खेळ. पुढची वीस-तीस वर्षं रोज घ्यायच्या गोळ्या मात्र पुष्कळदा त्यावरच ठरतात.

समजा, ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या नया बाजारातले पंचावन्न वर्षांचे एक मराठी मास्तर गुडघेदुखीसाठी अशाच एका ओपीडीत गेले. मे महिना. टेम्पोतून उतरून ते उन्हात चालत आले आहेत, पर्च्याच्या रांगेत तासभर उभे राहिले आहेत, मधे एक कडक चहा झाला आहे आणि लघवीला जायचं राहून गेलं आहे. स्टुलाला पाठ नाही. शर्टाची बाही वर सरकवल्यामुळे दंडाला करकचून आवळली आहे आणि हात मांडीवर पडला आहे. पट्टा फुगत असताना मागचा माणूस विचारतो, ‘आपका नंबर कौनसा है?’ मास्तर त्याला उत्तरही देतात. आकडा येतो १५२/९४. ‘बाबूजी, बीपी हाई है.’

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलणारी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १३३ प्रौढांवर केलेला एक साधा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला ठेवला तर येणारा दाब आणि तोच हात मांडीवर ठेवला तर येणारा दाब यांत वरच्या आकड्याचा सरासरी फरक जवळपास ४ निघाला. हात नुसताच बाजूला लोंबत ठेवला तर ६.५. म्हणूनच नियम असे आहेत: अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, तंबाखू बंद; लघवी करून यायचं; पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं; दंड उघडा, पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा, आणि मोजताना तोंड बंद. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब फुगून येतो. हे नियम डॉक्टरांना पाठ असतात. दीडशे माणसांच्या रांगेपुढे ते पाळायचे कसे, हा प्रश्न वेगळा, आणि त्यासाठी टेबलावरच्या नर्सला दोष देण्यात काही अर्थ नाही.

पण समजा, सगळं नियमाने केलं. तरी एक गोष्ट उरतेच. समोर उभा असलेला डॉक्टर.

इटलीतल्या मिलानमध्ये जुझेप्पे मांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे छापलं, ते वाचून डॉक्टर मंडळी थोडी वरमली असणार. रुग्णालयात दाखल असलेल्या ४८ जणांच्या धमनीत बारीक नळी घालून त्यांचा दाब सतत नोंदवला जात होता. मग डॉक्टर खाटेजवळ आला आणि नेहमीसारखा पट्टा बांधून दाब मोजू लागला. त्याचा आकडा काय आला, याला महत्त्व नव्हतं. धमनीतली नळी त्या वेळी काय सांगत होती, हे पाहायचं होतं. डॉक्टर आल्यानंतरच्या एक ते चार मिनिटांत जवळजवळ सगळ्यांचा दाब चढला: वरचा सरासरी २७ ने, खालचा १५ ने. नाडीही मिनिटाला सोळा-एक ठोक्यांनी वाढली. दहा मिनिटांनी हे सगळं बरंच निवळलं. माणसामाणसांत फरकही मोठा होता. कुणाचा वरचा आकडा चारच अंकांनी हलला, तर कुणाचा पंचाहत्तरने. ही उसळी कुणाची किती असेल, हे वयावरून किंवा स्त्री-पुरुष पाहून सांगता येत नव्हतं. चार वर्षांनी त्याच गटाने डॉक्टरऐवजी नर्सला पाठवून पाहिलं. उसळी निम्म्यावर आली.

याला वैद्यकशास्त्रात ‘पांढऱ्या कोटाचा रक्तदाब’ म्हणतात. न्यूयॉर्कचे टॉमस पिकरिंग यांनी १९८८ मध्ये तो किती जणांत आढळतो, हे मोजलं. दवाखान्यात दाब थोडा वाढलेला दिसणारे, गोळ्या सुरू न झालेले २९२ जण त्यांनी घेतले आणि त्यांच्या अंगावर दिवसभर यंत्र बांधून ठेवलं. त्यांतल्या २१ टक्के लोकांचा दाब दवाखान्याबाहेर अगदी व्यवस्थित होता. शंभरातल्या एकवीस जणांना जन्मभराचं लेबल लागायला जेमतेम एक पाऊल बाकी होतं.

मेच्या दुपारी तीन वाजता ग्वाल्हेर स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याने या शहराला थंडीच नसते असं ठरवावं, तितकाच त्या एका आकड्याचा भरवसा.

खरं तर ही शंका फार जुनी आहे. दंडाला बांधायचा पट्टा इटलीतच, तुरिनमध्ये १८९६ साली शिपिओने रिवा-रोच्ची यांनी बनवला. त्यात सायकलच्या चाकातली रबरी नळी होती आणि दाब दाखवायला पारा. तो पट्टा इतका अरुंद होता की आकडे जास्तच दाखवायचा. थोड्याच वर्षांत तो रुंद करावा लागला. खालचा दाब मात्र त्याने कळत नव्हता. तो शोधला सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी, १९०५ मध्ये, स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत ठेवून. त्यांचा मूळ निबंध तीनशे शब्दांचाही नाही. जगभरचे डॉक्टर पुढचं शतकभर त्यावर चालले. १९४० मध्ये बोस्टनच्या डेव्हिड एमन आणि आर्ची गोल्डशाइन यांनी रुग्णांना घरी दाब मोजायला लावलं आणि घरचे आकडे दवाखान्यापेक्षा सातत्याने कमी येतात हे दाखवून दिलं. घरी आणि दवाखान्यात माणूस तोच, पट्टाही तोच. एवढा सरळ निष्कर्ष हाती असूनही पुढची वीस वर्षं त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलॉव यांच्या गटाने १९६२ मध्ये अंगावर वागवायचं यंत्र वापरून पाहिलं. आजच्या मानाने ते ओबडधोबडच होतं. ठरलेल्या वेळी रुग्णाने स्वतः पंप दाबून पट्ट्यात हवा भरायची. पट्ट्याखालचा छोटा मायक्रोफोन कोरोत्कोवचे आवाज टिपून फितीवर उतरवायचा. झोपेतल्या माणसाला पंप दाबता येत नसल्याने रात्रीची पाटी कोरीच राहायची. तरीही १९८३ पर्यंत त्यांच्याकडे १,०७६ रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद जमा झाली होती आणि तिने दवाखान्यातल्या आकड्याला मागे टाकलं. पुढे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका कुणाला येईल, याचा अंदाज अंगावरच्या यंत्राच्या आकड्यांनी जास्त नेमका बांधता येत होता.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. पर्च्यावर पुष्कळदा ‘बीपी होल्टर’ असं लिहिलेलं असतं. होल्टर हे यंत्र निराळं. मोन्टानातले नॉर्मन होल्टर यांनी हृदयाचा आलेख चालत्याफिरत्या माणसावर टिपण्यासाठी ते बनवलं. पहिल्या अवताराचं ओझं अडतीस किलोच्या आसपास होतं आणि ते पाठीवर वाहावं लागायचं. ते छातीला तारा चिकटवून ठोक्यांची लय बघतं. रक्तदाबाच्या चोवीस तासांच्या तपासणीला डॉक्टर ‘एबीपीएम’ म्हणतात. दोन्ही यंत्रं कमरेला अडकवतात, म्हणून नावांची अशी सरमिसळ झाली.

एबीपीएमचं आजचं यंत्र खिशात मावेल एवढं असतं. लिहित्या हाताच्या नव्हे, तर दुसऱ्या दंडाला पट्टा बांधतात. त्याची नळी खांद्यावरून, मानेमागून कमरेच्या डबीत जाते. दिवसा दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या किंवा एका तासाने डबी आपणहून पट्टा फुगवते. आवाज ऐकायला यात कुणी नसतं. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटताना धमनीच्या स्पंदनाने पट्ट्यात बारीक थरथर होते. थरथर सगळ्यात मोठी असते तो सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा यंत्र गणिताने काढतं. नाडी अनियमित असेल, तर थरथरही वेडीवाकडी होते आणि या गणितावरचा विश्वास कमी होतो. अशा रुग्णाच्या अहवालाकडे डॉक्टरने जास्त सावधपणे पाहायला हवं.

रुग्णाला सूचना एकच, पण ती पाळायला अवघड: पट्टा फुगू लागला की हात सैल सोडून, न बोलता स्थिर राहायचं. चालत असाल तर थांबायचं. ग्वाल्हेरच्या गल्लीबोळांतून टेम्पोत हादरे खात जाताना घेतलेला आकडा बहुतेक वेळा फुकट जातो; मग यंत्र दोन-तीन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं. स्वतः गाडी चालवणं त्या दिवशी शक्यतो टाळावं. आंघोळ बंद, आणि मेमध्ये दोनदा आंघोळ करणाऱ्या माणसाला हीच अट सगळ्यात जाचते. बाकी दिवस मात्र नेहमीसारखाच घालवायचा असतो. त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी पडून राहणाऱ्या माणसाला त्याच्या सुट्टीचा रक्तदाब कळतो, रोजचा नाही.

यंत्रासोबत एक कागद मिळतो. त्यावर झोपल्याची आणि उठल्याची वेळ, औषध घेतल्याची वेळ, भांडण, जिना, जेवण वगैरे टिपायचं असतं. बहुतेक जण तो कोरा परत करतात. हे वाईट, कारण यंत्राला दिवस आणि रात्र घड्याळावरून कळते. रात्री दहा ते सकाळी सहा ही ‘रात्र’ असं गृहीत धरलं, तर ग्वाल्हेर जंक्शनवर रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याचा अहवाल पूर्ण उलटा निघेल. उन्हाळ्यात दुपारी दोन तास झोपणाऱ्यांचंही तसंच. झोपेत दाब उतरतो, आणि ती दुपार ‘दिवसा’त धरली गेली की दिवसाची सरासरी खाली येते.

दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ आकड्यांची शेपटी संगणकात उतरते. त्यांतले सत्तर टक्के तरी नीट आलेले हवेत, आणि दिवसाचे किमान वीस व झोपेतले सात. नाहीतर तपासणी पुन्हा. युरोपातल्या मार्गदर्शिकांप्रमाणे उच्च रक्तदाबाची रेघ अशी आहे: चोवीस तासांची सरासरी १३०/८० किंवा जास्त, जागेपणीची १३५/८५ किंवा जास्त, झोपेतली १२०/७० किंवा जास्त. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची. घरचा, जागेपणीचा दाब दवाखान्यापेक्षा थोडा कमी असणारच, हे त्यात धरलेलं आहे. अमेरिकेतल्या २०१७ च्या नियमांनी या रेघा आणखी खाली ओढल्या. आपल्याकडचे बरेच डॉक्टर १४०/९० चीच रेघ वापरतात.

आता मास्तरांच्या अंगावर यंत्र बांधलं, असं धरू. जागेपणीची सरासरी १२८/७९, झोपेतली ११२/६६, चोवीस तासांची १२३/७५. तिन्ही रेघांच्या खाली. त्यांना गोळीची गरज नाही. मीठ कमी करायला, चालायला आणि वर्षभराने पुन्हा तपासायला सांगून त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे परत पाठवता येईल. वर्षभराने पुन्हा हे मात्र महत्त्वाचं, कारण पांढऱ्या कोटाच्या रक्तदाबातून पुढे खरा रक्तदाब होणाऱ्यांचं प्रमाण सामान्य माणसापेक्षा जास्त असतं.

उलटं उदाहरण जास्त काळजीचं. सराफ्यात दुकान चालवणारा बेचाळीस वर्षांचा, मधुमेह असलेला माणूस. दवाखान्यात १२८/८०, सगळं छान. अर्धा तास सिगारेट नाही, गिऱ्हाईक नाही, उधारीचा फोन नाही. दाब छान असणारच. यंत्राने मात्र जागेपणी १३८/८६ आणि झोपेत १३१/८० दाखवले. हा ‘छुपा रक्तदाब’. पिकरिंग यांनीच २००२ मध्ये त्याला नाव दिलं. धूम्रपान, दारू, मधुमेह, किडनीचा आजार, कामाचा ताण असणाऱ्यांत तो जास्त सापडतो. पांढऱ्या कोटाच्या रक्तदाबाने नुकसान होतं ते एका अनावश्यक गोळीचं. छुप्या रक्तदाबात माणूस निर्धास्तपणे घरी जातो आणि त्याच्या धमन्या, किडन्या झिजत राहतात.

दुकानदाराच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: दिवसाचा १३८ आणि रात्रीचा १३१. फरक जेमतेम पाच टक्के.

झोपेत मज्जासंस्थेची धावपळ कमी होते, अंग आडवं असतं, हृदयावरचा भार उतरतो. निरोगी माणसाचा वरचा दाब रात्री दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. डब्लिनचे इओन ओब्रायन यांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं. हे गृहस्थ सॅम्युअल बेकेटच्या डब्लिनवर सुरेख पुस्तक लिहिणारे म्हणूनही ओळखले जातात. त्यांच्या १२३ रुग्णांपैकी १०२ जणांचा दाब रात्री उतरत होता आणि २१ जणांचा उतरत नव्हता. उतरणाऱ्यांपैकी तिघांना आधी पक्षाघात होऊन गेला होता. न उतरणाऱ्यांपैकी पाच जणांना. १०२ मध्ये तीन आणि २१ मध्ये पाच! आकडे लहान होते, पण त्यांनी सगळ्यांचं लक्ष रात्रीकडे वळवलं. काही जणांचा दाब तर झोपेत चढतो. मधुमेह, किडनीचे विकार, घोरताना श्वास अडकण्याचा आजार यांत हे वारंवार दिसतं. घरच्यांना घोरण्याचा त्रास होतोय एवढीच तक्रार असलेल्या माणसाचा रात्रीचा दाब पाहिला, तर कधी कधी डॉक्टरही चकित होतो.

त्यानंतरचा सगळ्यात भक्कम पुरावा स्पेनमधून आला. तिथे २००४ ते २०१४ या काळात एबीपीएम झालेल्या ५९,१२४ लोकांचा सरासरी दहा वर्षांच्या जवळपास मागोवा घेतला गेला. त्या काळात ७,१७४ जण दगावले. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो हिशोब छापला. कोण दगावेल हे सांगण्यात रात्रीचा वरचा दाब दवाखान्यातल्या दाबापेक्षा सुमारे सहापट माहितीपूर्ण ठरला. छुप्या रक्तदाबवाल्यांचा धोका वाढलेला होता. पांढऱ्या कोटवाल्यांचा वाढलेला दिसला नाही. दवाखान्यात जो आकडा कधीच मोजता येत नाही, तोच सगळ्यात बोलका निघाला.

रात्री दाब न उतरण्याचं एक कारण स्वयंपाकघरात सापडतं. किडनीला दिवसभरात सगळं मीठ बाहेर टाकणं जमलं नाही, की उरलेलं काम ती रात्री करते, आणि त्यासाठी तिला दाब चढा लागतो. जपानमधल्या ताकाशी उझू यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की अशा रुग्णांचं मीठ कमी केल्यावर त्यांचा दाब रात्री पुन्हा उतरू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ही आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरात सकाळी बेढई-कचोरी आणि जेवणात लोणचं, पापड, चटणी असं मराठी-हिंदी दोन्हीकडचं खारट एकाच ताटात येतं. तिथे पाच ग्रॅम ही दुपारपर्यंतची गोष्ट.

दुसरं कारण हवेचं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो. उन्हाळ्यात तो खाली येतो. ग्वाल्हेरला हा फरक जरा जास्तच जाणवणार, कारण इथे जानेवारीत सकाळी पारा पाच अंशांखाली जाऊ शकतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या पुढे. उन्हाळ्यात दवाखान्यातला आकडा खाली आलेला पाहून डॉक्टर गोळी कमी करतात, आणि पुष्कळदा ते बरोबरच असतं, कारण घामाने पाणी-मीठ गेलेल्या माणसाला चक्कर येऊन तो पडू शकतो. पण इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पिएत्रो मोदेस्ती आणि सहकाऱ्यांनी ६,४०४ लोकांचे चोवीस तासांचे आलेख हवामानाशी ताडून पाहिले, तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. उष्ण दिवसांत दवाखान्यातला दाब कमी होत होता, आणि गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचा रात्रीचा दाब मात्र वाढत होता. हा अभ्यास २००६ चा आणि फ्लॉरेन्सच्या उन्हाळ्याचा. वीज गेलेल्या, पंखा बंद पडलेल्या ग्वाल्हेरच्या जूनमधल्या रात्री सत्तर वर्षांच्या माणसाचा दाब काय करत असेल, हे पाहण्यासारखं आहे.

भारतात या तपासणीची निकड किती, हे दोन आकड्यांवरून कळतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण प्रौढांत ३५.५ टक्के सांगितलं. आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘इंडिया हार्ट स्टडी’त पंधरा राज्यांतल्या १,२३३ डॉक्टरांनी औषध न घेणाऱ्या १८,९१८ लोकांचा दाब आधी दवाखान्यात आणि मग घरी सात दिवस, दिवसातून चार वेळा मोजून घेतला. पहिल्या भेटीतल्या आकड्यावर विसंबलं तर जवळपास ४२ टक्के लोकांचं निदान चुकण्यासारखं होतं. कुणाचा दाब पांढऱ्या कोटाचा, कुणाचा छुपा. डॉ. उपेंद्र कौल यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंडिया एबीपीएम’ अभ्यासात २७,४७२ लोकांचे चोवीस तासांचे आलेख तपासले गेले. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. म्हणजे यंत्र आपल्याकडे आहे, आणि ते वापरणारे डॉक्टरही आहेत. तरीही छोट्या गावातून आलेल्या रुग्णाला यंत्र नेण्यासाठी आणि परत देण्यासाठी दोनदा शहराची फेरी पडते. भिंडच्या आतल्या गावातल्या शेतमजुराला ती दोन दिवसांची मजुरी. यंत्रं मोजकी, रुग्ण हजारो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्ये सरळ सांगून टाकलं: दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आला, तर निदान पक्कं करण्यासाठी एबीपीएम करा, जागेपणीचे किमान चौदा आकडे घ्या. त्यासाठी केलेल्या हिशोबात ही तपासणी महाग न ठरता पैसे वाचवणारी ठरली, कारण ज्यांना गोळी नको त्यांच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या वाचतात. याला अपवाद आहेत. दाब १८०/१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, हातापायातली ताकद जाणं असं काही असेल, तर यंत्राची वाट बघत बसायचं नसतं. ते तातडीचं दुखणं आहे. डोळ्याच्या पडद्यावर किंवा किडनीवर परिणाम दिसत असेल तरी उपचार थांबवत नाहीत.

रात्रीचा दाब जास्त निघाला की गोळी रात्री घ्यायची का, हा पुढचा प्रश्न. काही काळ रात्रीच्या गोळीची मोठी लाट होती. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर झालेल्या ‘टाइम’ चाचणीने २०२२ मध्ये ती बरीच शांत केली. सकाळी घ्या वा संध्याकाळी, हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांत फरक दिसला नाही. विसरणार नाही अशी वेळ धरावी, एवढंच त्यातून उरलं. अर्थात आपली वेळ डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलू नये.

एबीपीएम मिळत नसेल, तर घरचं यंत्र बरंच काम करतं. आठवडाभर सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत मिनिटाचं अंतर. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. १३५/८५ किंवा जास्त आली तर दाब वाढलेला. सगळे आकडे वहीत लिहायचे, चांगले तेवढेच नव्हेत. ‘हा चुकीचा आला असेल’ म्हणून मनाजोगता आकडा येईपर्यंत चार-पाचदा मोजत राहणारे लोक डॉक्टरपेक्षा स्वतःलाच फसवतात. याच्या उलट, दर तासाला मोजून भीतीनेच दाब चढवून घेणारेही असतात. त्यांना एबीपीएमच बरं, कारण त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर आकडा रुग्णाला न दाखवण्याची सोय असते.

घरच्या यंत्राची उणीव म्हणजे रात्र. जपानने ती भरून काढायचा एक मार्ग दाखवला. काझुओमी कारिओ यांच्या ‘जे-हॉप’ अभ्यासात रुग्णाने झोपताना पट्टा बांधायचा आणि यंत्राने पहाटे दोन, तीन आणि चार वाजता आपणहून दाब घ्यायचा, अशी व्यवस्था होती. २,५४५ लोकांच्या या नोंदींचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला: घरी मोजलेला रात्रीचा वरचा दाब जास्त असणाऱ्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त होता. दवाखान्याची फेरी नाही, पन्नास-साठ वेळा पट्टा आवळणं नाही.

मनगटी घड्याळं हेच काम पट्ट्याशिवाय करतात म्हणे. नाडीची लाट प्रकाशाने टिपून ती दाबाचा अंदाज बांधतात, आणि बहुतेकांना अधूनमधून पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२२ मध्ये त्यांचा वापर निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी करू नये, असं स्पष्ट म्हटलं. सध्या घरासाठी विकत घ्यायचं तर दंडावर बांधायचं यंत्रच घ्यावं. दुकानात जाण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजून घ्यावा, आणि ते मॉडेल तपासून पास झालेलं आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’च्या यादीत पाहावं. ही यादी इंटरनेटवर फुकट बघता येते.